आकडा

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, कोल्ड रूमच्या दाराशी माझं टेबल.
लेबलं काढायची मशीन, स्वेटर, थर्मासात कोरा चहा.
बाहेर मार्चचं ऊन,
आत सोळा मिलीमीटर मण्यांची थंडी.

त्या सकाळी फ्रान्सच्या मालावर मी छापलं : रेझँ.
बोरस्ते शेठनी चष्मा कपाळावर चढवला,
इंग्रजी वाचतात तसं वाचलं, आणि म्हणाले,
"मॅडम, आपण ताजा माल भरतोय का बेदाणा?
हे तासगाव आहे का?"

मी म्हटलं, शेठ, तिकडे हेच ताजं द्राक्ष.
मधली समुद्राची पट्टी ओलांडून इंग्लंडात गेलं
की हाच शब्द सुरकुततो, बेदाणा होतो.

"समुद्रातून जाताना शब्द भिजायला पाहिजे," शेठ म्हणाले,
"सुकतो कसा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

तीनशे साठ खोकी बाजूला काढून ठेवली.
पॅरिसचा माणूस उठायला अजून तीन तास.
तेवढ्यात मी कोश उघडून बसले,
नाशिकला रद्दीत साठ रुपयांना मिळालेला, पुठ्ठा नसलेला.

तर, रेझँ सुकवून टाकल्यावर इंग्रजांना
ताज्या फळासाठी शब्द उरला नाही.
त्यांनी फ्रेंचांच्याच घरातून दुसरा उचलला : ग्रॅप.
तिथे तो अख्खा घड होता.
वाटेत गळत गळत
इंग्रजांच्या हाती लागला तेव्हा एक मणी. ग्रेप.
इटलीत त्याच कुळातली ग्राप्पा,
पिळून झालेल्या चोथ्याची दारू.

आणि या सगळ्यांच्या तळाशी, कोशकार म्हणतात,
कुणी कधी लिहून न ठेवलेल्या बोलीत,
फळ नाहीच.
आकडा आहे.
वाकडा आकडा, वेलीवरचा घड ओढून घ्यायचा.

हत्यार गंजून गेलं. ज्याच्या हातात होतं तोही.
नाव तेवढं फळाला चिकटून राहिलं.

मी शेठना सांगायला गेले नाही.
डच लोक विक्षिप्त माणसाला
'भलतंच द्राक्ष आहे' म्हणतात, तेही नाही.
पण एकटीच रेझँ, रेझँ म्हणत राहिले.
शेवटचा सूर नाकातून जातो.
जाता जाता घशातल्या पडजिभेला घासतो,
जिला लॅटिनवाले चिमुकलं द्राक्ष म्हणायचे.
ज्या गावाचं नावच कापलेल्या नाकावरून पडलं असं घाटावर सांगतात,
तिथल्या बाईला हा उच्चार
जमायलाच हवा.

"ताई, माझा आकडा लिवला का?"

हिराबाई गांगुर्डे. पेठकडच्या टोळीतली.
कमरेला कात्री, बोटांना चिकाचे काळे डाग.
मी दचकले.
मग रजिस्टर पाहिलं. बेचाळीस क्रेट.
बेचाळीस लिहिलं, तिनं अंगठ्यानं ओळ चाचपली,
वाचता येत नसताना.

खोक्यावर सगळे आकडेच असतात.
बागेचा नंबर, वजन, तारीख, सील.
तिचा त्यात नसतो.

सहज विचारलं, घरी तुम्ही द्राक्षाला काय म्हणता?
"आमच्याकडं कुठलं दराख?" ती हसली.
"आम्ही जगायला येतो तवा दिसतं.
जाताना गळका माल फडक्यात बांधून नेतो.
पोरं म्हणत्यात, आये, नाशिक आणलं का?
बारकी तर म्हणती, मला हिरवं नाशिक नको, काळं दे."

पॅरिसचा फोन आला. शब्द बरोबर होता.
शेठ काही बोलले नाहीत, एक चहा पाठवला.
तीनशे साठ खोकी पुन्हा रांगेत लागली.

रात्री कंटेनर गेल्यावर
मशीनमध्ये एक कोरं लेबल उरलं होतं.
फळाचं नाव, या रकान्यात मी टाइप केलं : नाशिक.
छापलं नाही. स्वेटर काढला, दिवा मालवला.

बाहेर जीपमध्ये टोळी बसत होती,
फडकी मांडीवर.